जोडीदाराच्या घरची तोंडी परीक्षा

दुसऱ्याच्या घरची इतकी चौकशी करणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात आमच्या सरांखेरीज दुसरा सापडणार नाही. कॉलेजात ते राष्ट्रीय सेवा योजना बघायचे. वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांना एकत्र आणा, असा वरून आदेश आला. इतरांनी तो एक भाषण आणि एका बॅनरवर उरकला असता. सरांनी चिठ्ठ्या टाकून आमच्या जोड्या लावल्या. दोन दिवस जोडीदाराच्या घरी राहायचं, त्याच्या ग्रामसभेत त्याच्या गावाचं एक काम मांडायचं आणि तोंडी परीक्षा द्यायची, तीही त्याच्या घरावर.

मी तीर्थपुरीच्या बागायतदाराचा मुलगा. माझ्या वाट्याला कुंभार पिंपळगावच्या मेंढपाळाचा दत्ता आला. "ह्याची माय ह्याच्यावर कशावरून चिडती?" सरांनी विचारलं. "आन् कळपातलं खोडीचं मेंढरू कोणतं?" मला एकही येईना. "मंग दोन दिवस झोपून राह्यला काय? जा, पुन्हा राहून ये." मी पुन्हा गेलो आणि त्या घरचाच झालो. दत्ताच्या वस्तीचा हातपंप दुरुस्त करा म्हणून मी ग्रामसभेत उभा राहिलो, तेव्हा सरपंचांनी विचारलं, "तुझं मतदान कुठं हाय?" मागून सर म्हणाले, "जेवण हितं झालंय त्याचं. बराबर हाय." हातपंप महिन्याभरात दुरुस्त झाला.

पुढे आरक्षणावरून गावोगाव माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. मी आणि दत्ता भांडलो नाही. त्याने एक मेसेज पुढे पाठवला, मी त्याला उत्तर म्हणून दुसरा पाठवला, आणि त्यानंतर दीड वर्ष दोघांनीही फोन केला नाही. मला ते फार लागलं होतं, पण आधी फोन कुणी करायचा?

परवा नवीन जालन्यात सरांकडे गेलो. निवृत्तीनंतर ते थकलेत, पण चौकशा तेवढ्याच. "दत्ता कसा हाय?"

"मजेत आहे. बोलणं होतं आमचं," मी ठोकून दिलं.

सरांचा चेहरा खुलला. "मागच्या इतवारी आल्ता त्यो. त्यानंबी हेच सांगितलं."

मी सरांचा निरोप घेतला. खाली रस्त्यावर आलो आणि सरळ फोन लावला. दत्ताने उचलला.

"सरांकडून निघालोय," मी म्हणालो.

तो हळूच म्हणाला, "मंग, तू काय सांगितलं त्यायला?"