पाय धुवायचा दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

मी पिंपरी पेंढारचा निवृत्त मास्तर. इंग्रजी येतं म्हणून घोडेगावच्या एका ओळखीच्यानं सहा वर्षांपूर्वी एका अमेरिकन बाईंना माझ्याकडे पाठवलं. सत्तरी उलटलेल्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात घराण्याच्या वंशावळीची वही. त्यांचे खापरपणजोबा दीडशे वर्षांपूर्वी इकडे पाद्री म्हणून आले, तापानं गेले, इकडेच कुठंतरी पुरले. त्यांची कबर तेवढी सापडत नव्हती. बाईंनी नाव सांगितलं.

ते नाव मी वाचलेलं होतं. आठवीत असताना मोरी नीट करायला आमच्या दारातला पाय धुवायचा दगड उलटा केला, तर खालून इंग्रजी अक्षरं निघाली. मी ती मोठ्यानं वाचली, वडील खूश झाले. आजोबांनी पडक्या कबरस्तानातून बैलगाडीत घालून आणलेला दगड — चांगला सपाट होता ना! माझं वाचून झाल्यावर तो पुन्हा पालथा घातला.

मग बाईंना का नाही सांगितलं? जन्मभर पोरांना किल्ले जपा, लेणी जपा म्हणून सांगणारा मी. माझ्याच दारात कबरीचा दगड आहे हे गावाला कळलं तर? लाज वाटली, दुसरं काही नाही. म्हणालो, काही ऐकिवात नाही.

पण एवढंच असतं तर — नाही, सांगतोच. बायको तांब्या घेऊन बाहेर आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"अवो, पावन्या एवढ्या लांबून आल्यात, आदी पाय तर धुवू द्या!"

बाईंना ही रीत फार आवडली. चपला काढून त्या दगडावर उभ्या राहिल्या. बायको पाणी ओतत होती, मी त्यांची काठी धरून उभा. 'थांबा' — एवढा एक शब्द मला म्हणता आला नाही. उलट मीच टॉवेल पुढं केला.

पुढं तीन दिवस मी त्यांना जुन्नरभर हिंडवलं, जिथं काही नाही हे मला पक्कं माहीत होतं तिथं. जाताना माझे हात धरून त्या रडल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं पत्र आलं, आई गेली म्हणून. सोबत छापलेली वंशावळ. त्या नावापुढं 'कबर सापडली नाही', आणि खाली माझे आभार.

दगड अजून पालथाच आहे. आज सकाळीही मी त्यावर पाय धुऊन घरात आलो.