तेलाची चिठ्ठी
खोबरेल तेलाचा वास आला की मला पेडण्याच्या इस्पितळातला बायकांचा वॉर्ड आठवतो. तिथे मी अटेंडंट होतो. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला तेल चोळलं तर जखमा टळतात का, हे आमच्या सिस्टर पडताळून पाहत होत्या. कुणाला तेल लावायचं हे कुणाच्या मर्जीवर राहू नये, म्हणून डब्यातून चिठ्ठी काढायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. कोरी निघाली तर तेल नाही. एका म्हातारीची कोरी निघाली, तसा तुयेच्या कारखान्यातून थेट आलेला तिचा मुलगा माझा हात धरून म्हणाला, "काका, देवळात कौल मनासारखो नाय इलो तर परत लायतत मा? एकदा परत काढा. आवयची पाठ सोलतली." मला ते पटलं. मी परत काढली, तेलाची निघाली, आणि पुढे जो विनवील त्याच्यासाठी काढत गेलो. तेल लावलेल्या बायकांना जखमा फारच कमी झाल्या. मग असे अभ्यास शोधून त्यांतला भरवशाचा कुठला ते तपासणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी विचारलं, "चिठ्ठी एकदाच काढत होता ना?" सिस्टर हसून म्हणाल्या, "आमचे काका देवमाणूस!" मी नुसती मान डोलावली, आणि आमचा अभ्यास चांगल्यांत गेला. आज सांगतो, तो बाजूला ठेवा. कोरी निघालेल्यांपैकी विनवायला ज्यांचं माणूस होतं त्यांनाच मी तेल मिळवून दिलं, आणि तीच माणसं उशाशी बसून त्यांना कुशीवर वळवत होती; जखमा त्यानंही टळतात. त्या म्हातारीची पाठ तेलानं राखली की मुलानं, हे मला आजही सांगता येत नाही.