आईने काढून ठेवलेले सेल

बाबांचा हातात मावणारा जुना कॉम्प्युटर आज मी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडला. त्याची जाड वायर मिळवण्यातच महिना गेला होता. शेवटच्या आजारात बोलणं बंद झाल्यावर बाबा त्याच्या पडद्यावर बारीक काडीने काहीबाही लिहीत असत. आम्ही कुणी ते वाचलं नाही.

वापरात नसलेल्या वस्तूत सेल ठेवायचे नाहीत, ही आईची शिस्त. टॉर्च असो की रेडिओ, सेल गळतात म्हणून ती काढून ठेवते. बाबा गेल्यावर तिने याचेही काढले आणि यंत्र पुसून, बाबांच्याच रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं.

आज नवे सेल घातल्यावर पडदा उजळला. मोठ्या कॉम्प्युटरने त्याला ओळखलंसुद्धा. नोंदी मात्र शून्य. या जातीच्या यंत्राची स्मृती सेलच्या जिवावरच असते. ते काढले की लिहिलेलं सगळं जातं. माणूस गेल्यावर आपण त्याच्या वस्तू किती जपतो, आणि जपणाऱ्या हातानेच कधी काय पुसलं जातं, ते कळतही नाही. पण आईला काय बोलणार? तेरा दिवस ते यंत्र माझ्या उशाशीच होतं, सेलसकट. उघडायचा धीर मलाच झाला नाही.

आई मागे येऊन उभी राहिली.

"चालू झालं ना? सेल काढून ठेवले होते मी, म्हणून टिकलं बघ."

"हो आई," मी म्हणाले, "साधा ओरखडाही नाही."