कंट्रोलचे मासे

साध्या पाण्यातले मासे मेले होते आणि केमिकलमधले मजेत फिरत होते. सकाळी लॅबचं दार उघडलं तर समोर हे दृश्य, आणि माझ्या मागे अण्णा मगदूम उभे. अण्णा म्हणजे आमचे क्लायंट. टेस्ट कशी चाललीय ते बघायला सांगलीहून मुद्दाम आले होते.

"म्याडम," ते खूश होऊन म्हणाले, "हे केमिकल न्हाई, टॉनिक हाय! तसंच लिवा रिपोर्टात."

माझं डोकं फिरलं.

लोणंदजवळच्या आमच्या लॅबमध्ये एकच काम चालतं. एखादं केमिकल ओढ्यात गेलं तर तिथल्या जिवांचं काय होईल, हे आधीच तपासायचं. काचेच्या टाक्या असतात. प्रत्येकीत बोटाच्या पेराएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा मासे. एका टाकीत केमिकल थोडं, पुढचीत जास्त, त्यापुढचीत आणखी जास्त. चार दिवस बघत बसायचं. ज्या मात्रेला अर्धे मासे मरतात तिला आम्ही एलसी फिफ्टी म्हणतो. ती फारच कमी निघाली तर माल जहरी, आणि ड्रमवर मेलेल्या माशाचं चित्र छापावं लागतं.

अण्णांचं सगळं त्या चित्रावर अडलं होतं. उसाचा रस उकळताना फेस येतो, तो मारायचं केमिकल ते बनवतात. परदेशातल्या गिऱ्हाइकानं रिपोर्ट मागितला होता. अण्णा जैन, घरात बटाटासुद्धा येत नाही. एलसी फिफ्टी समजावून सांगितल्यावर म्हणाले होते, "अर्धेच मासे? मग पाप बी अर्धंच लागंल न्हवं?" पण लगेच गंभीर झाले. "माझ्या ड्रमावर मेलेला मासा आला, तर बस्तीत, आमच्या देवळात, भगवंताम्होरं कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ? वडलांचं नाव हाय वो कंपनीला."

आणि आता कंट्रोल टाकीतच मासे मेलेले. कंट्रोल म्हणजे ज्या टाकीत केमिकल अजिबात घालत नाहीत ती. तिथले मासे जगायलाच हवेत, तरच बाकीच्यांना केमिकलनं मारलं असं म्हणता येतं. तिथे तीन मासे उलटे तरंगत होते. म्हणजे टेस्ट बाद.

मी क्लोरीन तपासलं. नव्हतं. हवेचा पंप चालू होता. पाण्यातला ऑक्सिजन मोजला, तर मीटरचा आकडा पार तळाला. मग वाकून वास घेतला. आंबूस! तळात काहीतरी पांढरं दिसलं. जाळीनं काढलं आणि हातावर घेतलं.

भाताचं शीत.

शितावरून भाताची परीक्षा आपण नुसती म्हणतो, मी त्या दिवशी खरोखर केली. जाडा तांदूळ होता, रेशनचा. लॅबमध्ये डब्यात असा भात आणणारं माणूस एकच.

"पारूमावशी!"

मावशी माण तालुक्याकडच्या. फरशी, टाक्यांच्या काचा, सगळं त्याच लख्ख ठेवतात. पदर खोचून आल्या.

"ह्या टाकीत भात कुणी टाकला?"

"मी," मावशी शांतपणे म्हणाल्या. "काल डबा खाताना."

"का?"

"आवं, तुमीच चिठ्ठी लावलीया की. कंट्रोल!"

काचा पुसताना टाक्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून चिठ्ठ्या मीच मराठीत लिहिल्या होत्या. आणि आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात, हे काय मला माहीत नव्हतं?

"बाकीच्या टाक्यांत तुमी औषध घालताय," मावशींनी खुलासा केला. "ती आजारी, त्यास्नी पथ्य आसंल. ह्या गरिबास्नी औषध बी न्हाई आन् खायाला बी न्हाई. म्हणलं, रेशनवरची दिसत्यात. घातला घासभर कंट्रोलचा भात."

टेस्टमध्ये माशांना खायला घालत नाहीत, अन्न पाण्यात कुजतं आणि ऑक्सिजन खातं, हे मी सांगितलं. मावशींचं तोंड उतरलं. त्याहून जास्त अण्णांचं.

"म्हंजे पुन्यांदा नवीन मासं?"

"हो अण्णा."

"मग ही तर फुकाटच मेली की."

त्यांनी टोपी काढली आणि टाकीसमोर डोळे मिटून उभे राहिले. मगाशी त्यांच्यावर चिडले होते, त्याचं मला वाईट वाटलं.

नव्या टेस्टला मी सगळ्याच टाक्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली: उपास. आता चूक होणं शक्य नव्हतं. दुपारी मावशी दारात.

"म्याडम, उपास हाय तर साबुदाणा चालंल न्हवं? लय न्हाई, चिमूटभर."

नवी टेस्ट बघायला थांबलेले अण्णा खुर्चीवरून उठलेच. "साबुदाणा खाऊन उपास आसतोय व्हय? म्याडम, आमच्यातला उपास लिवा. आमच्यात धा-धा दिवस करत्यात, नुसत्या पाण्यावर!"

"पाण्यावर तर हायतच की ती," मावशी म्हणाल्या.

शेवटी चिठ्ठीवर "अण्णांचा उपास" असं लिहिलं. पुढे भाताचा एक कण पडला नाही.

कंट्रोलचे सगळे मासे जगले. सगळ्यात कडक टाकीतले मेले. ते मी रिपोर्टात लिहिलं आणि अण्णांनीही एका शब्दानं अडवलं नाही. खालच्या मात्रांच्या टाक्यांत एकही गेला नाही. एलसी फिफ्टी बरीच वर निघाली, ड्रमवर चित्र लागणार नव्हतं. रिपोर्ट हातात घेताना अण्णांचे डोळे भरले होते. कंट्रोलच्या माशांचं पारणं आपल्याच हातानं करायचं, असा त्यांनी हट्टच धरला.

चिठ्ठी लावण्याआधी ती मावशींना वाचून दाखवायची, हा नियम कुठल्याही गाइडलाइनमध्ये नाही. आमच्या लॅबमध्ये आता आहे.

मी काट्यावर माशांचं खाद्य मोजून अण्णांच्या तळहातावर ठेवलं. मावशी वाकून बघत होत्या.

"मोजून देताय व्हय?"

"हो मावशी. किती मासे, त्यावर किती खाद्य, ते ठरलेलं असतं."

"मंग मी काय म्हणत हुते?" मावशी अण्णांकडे वळल्या. "कंट्रोलच हाय ह्यो!"