बुदैयाची विहीर

आमच्या मनामाच्या ऑफिसात बहरीनचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर उतरवणारे एक साताऱ्याचे ड्राफ्ट्समन आहेत. जुन्या नकाशाला हात लावण्याआधी ते घड्याळ काढून ठेवतात आणि हात धुऊन येतात. साहेब घाईत असले तरी.

बुदैया गावाच्या एका नकाशावर शेतात विहीर दाखवली होती. सॅटेलाइटच्या फोटोत त्या जागी नुसता व्हिला. मी म्हटलं, "काढून टाका. जुन्या सर्व्हेवाल्याची चूक असणार."

"साहेब, तो गडी उन्हातानात पायी हिंडलाय," ते म्हणाले. "आपण एसीत बसून त्याला खोटं पाडायचं व्हय?"

शुक्रवारी, सुट्टी असूनही, ते नकाशाची प्रत घेऊन बुदैयाला गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना व्हिलाच्या मागे नेलं आणि बुजलेल्या विहिरीचा दगडी काठ दाखवला. आमच्या खुणेपासून वीसच पावलांवर. कॉम्प्युटरवर बसवताना नकाशाच सरकला होता, आणि तो तपासून सही करणारा मी होतो.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सगळा नकाशा पुन्हा बसवला आणि मूळ कागदासकट सहीसाठी माझ्या टेबलापाशी आणला.

मी घड्याळ काढून ठेवलं आणि हात धुवायला उठलो.