नानांचे तेल कमी करणेबाबत

विषय : आमचे हेडक्लार्क नाना यांचे तेल-तूप कमी करणेबाबत.
संदर्भ : डॉक्टरांची चिठ्ठी. तारीख वाचता येत नाही.

जळगावच्या आमच्या सरकारी ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साठायचे. फायली निदान उंदीर तरी खायचे! हे किस्से नव्वद सालच्या आसपासचे. नानांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी तळलेलं, वनस्पती तूप, तर्री सगळं बंद केलं. "नाही पाळलं, तर पुढच्या वेळी मला बोलावू नका," असंही म्हणाले.

*

पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनची भजी आली. नानांनी ड्रॉवरमधून टीपकागद काढले, एकेक भजं दाबून कोरडं केलं आणि बाराच्या बारा खाल्ली. वर आम्हाला कागद दाखवले, "बघा, तेल सगळं सरकारकडे जमा!"

*

नानांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणायचो. एकदा डब्यातली भेंडी चाखून मी त्यांना म्हटलं, "अक्का, चमचाभर तेल वाढवा हो. चव बघून वाईट वाटलं."

"तुम्हाला चवीचं वाईट वाटतं, भाऊ. मला माणसाचं वाटतं."



*

हिवाळ्यात आमच्या शिपायाच्या पारोळ्याच्या शेतावर भरीत पार्टी. नानांचं भरीत त्याने मुद्दाम कोरडं वाढलं. ते त्याच्या वडिलांनी पाहिलं. भरितावर तेल तरंगलं नाही, तर यजमानाची अब्रू जाते!

"आमना घरमा तेल सरी गयं का?" म्हणत त्यांनी पळीभर तेल स्वतः ओतलं.

"आबा, डॉक्टरांनी..." मी सांगू लागलो.

"डाक्टरले बी आना, त्याले बी वाढसू!"

*

मग नानांची धुळ्याला बदली झाली. मुलीची बारावी, म्हणून अक्का जळगावातच राहणार. म्हणजे नाना खानावळीत जेवणार. अक्कांनी बदली रद्द करण्याचा अर्ज स्वतः दिला. साहेबांनी शेरा मारला : 'खानावळीत तेल जास्त असते, यास पुरावा जोडावा.'

मी धुळ्याला गेलो. खानावळवाला हाकलून देईल, असं वाटलं होतं. पण त्याने चहा पाजला आणि छाती फुगवून लेटरहेडवर लिहून दिलं : 'आमच्याकडे बोटभर तर्रीशिवाय भाजी वाढली जात नाही. खात्री करून घ्यावी.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. 'प्रत्यक्ष पाहणी आवश्यक,' असं लिहून ते जीप काढून धुळ्याला गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी तर अकाउंटंटलाही सोबत नेलं.

नाना धुळ्यात रुजू झाले. अक्का रोज पहाटे उठून सकाळच्या एसटीने त्यांचा डबा पाठवू लागल्या.

मी निवृत्त झालो, त्या दिवशी अर्ज साहेबांच्या टेबलावर प्रलंबित होता. पाहणी चालू होती.