जामची रविवारची फेरी

मी लॅबमध्ये काम करते. रक्त, साखर, थायरॉईड... मशीन जो आकडा दाखवतं तो लिहायचा आणि पेशंटच्या हातात द्यायचा, एवढंच मला येतं. बाहेरचं, अंगात येणं, कोणी दिसणं असल्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे असल्या अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं. पण मनात ठेवून ठेवून कंटाळा आला, म्हणून सांगून टाकते.

आम्ही वर्ध्याला, पिपरी मेघेत राहतो. घर लहान, पोर्च त्याहून लहान, आणि त्या पोर्चमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी असलेली यांची गाडी. 'यांची' म्हणजे माझ्या नवऱ्याची. हे कॉलेजात भूगोल शिकवायचे. गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही. लाल रंग, टर्बो इंजिन, हाताने टाकायचे गिअर, एवढ्यावरून ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नागपूरच्या एका डॉक्टरकडून सेकंडहँड घेतली होती. आठवडाभर हे स्कूटरवर कॉलेजला जाणार आणि गाडी कव्हर घालून झाकलेली. रविवारी सकाळी तेवढी बाहेर काढायची, तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या जाम गावाला जायचं, चौकात एक चहा प्यायचा आणि परत यायचं. गाडी वीस वर्षांची, पण मीटर बघून लोकांना वाटायचं की आम्ही ते मागे फिरवलंय. मी चिडवायची, "सवत आणली ती आणली, तिले जरा गाव तरी दाखवा!" हे हसायचे आणि फडक्याने बोनट पुसत राहायचे.

मग यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. हात थोडाफार परत आला, पाय नाही आला. तोंड वाकडं, शब्द जड, पलंगावरून व्हीलचेअरवर आणि व्हीलचेअरवरून पलंगावर. सकाळी यांचं सगळं आवरायचं, कामवाल्या बाईच्या भरवशावर सोडून लॅबला जायचं, आल्यावर पुन्हा तेच. लोक म्हणतात, "धीराची आहेस." धीर कसला बाप्पा... सवय आहे. रात्री पाठ टेकली की झोप लागायच्या आधी रडू यायचं, आणि रडू यायच्या आधीच झोप लागायची.

डॉक्टर म्हणाले, यांना रोज बाहेर उन्हात बसवा. बसवणार कुठे? दारापुढे गाडी! व्हीलचेअर उंबरठ्यापर्यंत जायची आणि बंपरला अडकायची. मुलगी पुण्याहून फोनवर रोज एकच म्हणायची, "आई, विकून टाक गं." फोनही यायचे, अशा गाडीच्या मागे वेडे झालेले लोक असतात. पण विकायची म्हणजे यांना तोंडावर सांगायचं की आता तुम्ही कधीच गाडी चालवणार नाही. कोण सांगणार? मी तर नाही. गिऱ्हाईकाचं नाव काढलं तरी हे तोंड भिंतीकडे फिरवायचे.

अशातच हिवाळ्यातल्या एका रविवारी मी चहा घेऊन गेले, तर हे जागे. चेहरा एकदम ताजा. म्हणाले, "जामले जाऊन आलो."

मी म्हटलं, "हो का? कोनं नेलं?"

"मीच गेलतो. चहावाल्यानं टपरी मांगं घेतली. निळी ताडपत्री लावली त्यानं."

डोक्यावर परिणाम झाला असेल म्हणून मी विषय वाढवला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, "जाऊन आलो." त्या दिवशी हे जास्त जेवायचे, व्यायाम करून घ्यायचे, कामवाल्या बाईशी थट्टा करायचे. सोमवारपासून परत गप्प. मग समुद्रपूरला यांच्या मामाकडे तेरवीला जावं लागलं. जामला बस बदलायची होती. उतरले आणि पाहते तर टपरी रस्त्यापासून मागे सरकलेली. वर निळी ताडपत्री. मी तिथेच बॅग खाली ठेवली. यांना भेटायला घरी कोणी येत नाही, आणि जामच्या टपरीची बातमी कोणी फोन करून देत नाही.

तरीही मी मानायला तयार नव्हते. नंतरच्या रविवारी उठल्या उठल्या पोर्चमध्ये गेले, कव्हरखाली हात घातला... बोनट गरम होतं. कोमट नाही, गरम. थंडी अशी की माझ्या तोंडातून वाफ निघत होती. पोर्च पश्चिमेला, तिथे सकाळी ऊन येतच नाही. आणि बॅटरी उतरते म्हणून मेकॅनिकने तिची वायर कधीचीच काढून ठेवली होती. बोनट उघडून पाहिलं, ती तशीच लोंबत होती. मीटर पाहिलं, जिथे होतं तिथेच.

तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. खरं सांगू? मला राग आला. मी इथे मर मर मरते आणि हा माणूस फिरून येतो! आणि रागामागून वाटलं की जाऊ दे बाई. तेवढ्या एका फेरीवर हा माणूस आठवडा काढतो. गाडी विकली तर हे कशाच्या भरवशावर जगणार? ऊन द्यायचं की जाम द्यायचं, हा माझा प्रश्न होता. असला प्रश्न कोणाला विचारता येतो का सांगा!

शेवटी व्हीलचेअर उंबरठ्यावरून उतरवताना एकदा माझी कंबर धरली आणि आम्ही दोघंही पडता पडता वाचलो. त्या दिवशी मी हिंगणघाटच्या गिऱ्हाईकाला हो म्हणून टाकलं. सरकीचा व्यापारी, भला माणूस, गाडीभोवती फिरताना पोराकडे पाहावं तसा तिच्याकडे पाहत होता. कागदं झाली. मी दोन्ही चाव्या त्याच्यापुढे ठेवल्या, तेव्हा हे आतून पहिल्यांदा बोलले.

"दावं नको देऊ वो."

मला आधी कळेचना. यांचं घराणं शेतकऱ्याचं. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत, घेणारा आपलं दावं घेऊन येतो. आपलं दावं घरात राहिलं पाहिजे, नाहीतर बरकत जाते म्हणतात. मी लाजून मेले. गाडीचं कसलं दावं! पण त्या व्यापाऱ्याने मान हलवली. "बराबर हाय सर. आमच्याबी घरी देत नाई." एक चावी उचलून त्याने यांच्या हातात ठेवली, दुसरी खिशात टाकली, आणि बॅटरी जोडून गाडी घेऊन गेला. एवढे पैसे मोजून गाडी घेणारा माणूस एक चावी मागे ठेवून जातो, हे मुलीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला.

पोर्च मोकळा झाला. मिस्त्रीने उतार करून दिला. हे उन्हात बसायला लागले. आणि रविवारी... काहीच नाही. चहा घेऊन गेले की चावी मुठीत आणि डोळे छताला. पुढच्या रविवारी तेच. जेवण कमी झालं, व्यायामाला नाही म्हणायला लागले. मला वाटलं, ती चावी ठेवली हीच चूक झाली. बैल गेला आणि दाव्याला हाच माणूस बांधून राहिला. व्यापाऱ्याला फोन करून गाडी परत मागावी असंही मनात आलं, पण कोणत्या तोंडाने मागणार? मी यांचा एकुलता एक रस्ता विकला होता, हे मला कळून चुकलं होतं.

असे बरेच रविवार गेले. मग एकदा चहा घेऊन गेले तर हे माझी वाट पाहत होते.

"जाऊन आलो."

मी कप खाली ठेवला. "कशानं? गाडी तं नाई ना."

"गाडी लोकाची झाली. पायी गेलतो."

मी पांघरूण वर केलं. दोन्ही तळपाय मातीने भरलेले. काळी, ओली, शेतातली माती, बोटांच्या बेचक्यांत घट्ट बसलेली. चादरीवर, फरशीवर कुठेही एक कण नाही. दाराची कडी आतून लागलेली, मीच सकाळी काढली होती. गरम पाणी आणलं आणि पाय धुवायला बसले. डावा पाय धुताना टाचेत काहीतरी हाताला लागलं. बाभळीचा काटा, चांगला आतवर गेलेला. मी नखांनी धरून ओढला.

"आई गं!" हे ओरडले. "दुखते ना वो!"

डावा पाय. ज्याला इतके दिवस काही म्हणजे काहीच कळत नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले की संवेदना अशी उशिरा परत येऊ शकते. येत असेल. रिपोर्टवर मी विश्वास ठेवते, तो माझा धंदाच आहे. पण काटा मी जपून ठेवलाय, आणि जो मागेल त्याला दाखवते. माती कुठून आली, पलंगावरून न उठणाऱ्या माणसाच्या टाचेत बाभूळ कशी रुतली, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला आता शोधायची ताकद नाही. हे आता उतारावरच्या कठड्याला धरून क्षणभर उभे राहतात, तेवढं मला पुरतं.

त्या सकाळी मात्र मी तो काटा हातात घेऊन फरशीवर बसले होते, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं आणि तोंडातून काय निघालं तर...

"अहो, एवढ्या लांब जायचं होतं तं चप्पल तरी घालून जावं ना मानसानं!"